हौदातले मासे कोणी नेले?

मृगाचा पहिला दणका बसून गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परड्यातल्या हौदात बघितलं तर मासे निम्मे. हौद चिऱ्यांचा, बारा फूट लांब, आठ फूट रुंद, रात्रीच्या पावसानं काठोकाठ भरलेला. आत तीन वर्षं सांभाळलेले गोल्डफिश आणि रोहूची वीतभर पिल्लं होती. मी उभ्या उभ्या निकाल देऊन टाकला: पाणमांजर. पलीकडच्या काकी शेताकडे निघाल्या होत्या. त्यांनी हौदाभोवती एक फेरी मारली, वाकून काठ बघितला आणि म्हणाल्या, “उदान खाल्ल्यान असता तर खवलां खंय आसत रे झिला? वलगणीक लागले ते. खाचरात बघ जा.”

खाचरात घोटाभर गढूळ पाण्यात एक तांबडा गोल्डफिश शेपटी हलवत उभा होता. पुढे बांधाच्या कडेला आणखी दोन सापडले. बाकीचे व्हाळाला लागले असणार.

घरच्या तळ्यातले मासे नाहीसे झाले की ते कोणीतरी खाल्ले, हा मालवण पट्ट्यातला पहिला आणि सगळ्यात घट्ट गैरसमज. पहिल्या पावसात गोड्या पाण्यातले मासे प्रवाहाच्या उलट शेतांत, ओहोळांत चढतात, त्या वलगणीची वाट आपण पिढ्यान् पिढ्या बघत आलो. पण तोच पाऊस आपल्या हौदावरून ओसंडतो, तेव्हा आपलेही मासे वाहत्या पाण्याकडे तोंड वळवतात हे लक्षात राहत नाही. रोहू, कटला ही जात तर उडी मारण्यात पटाईत. वलगण उलट दिशेनंही काम करते. व्हाळाचं पाणी परड्यात शिरलं की त्याबरोबर मरळीचं एखादं पिल्लू आत येतं. दिवाळीपर्यंत ते चांगलं वाढतं आणि तुमची छोटी मासळी संपवत राहतं. तुम्ही मात्र बाहेरच्या चोरासाठी रात्र जागवत असता. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे मे महिन्यात करायचं पहिलं काम म्हणजे सांडव्याच्या तोंडाला बारीक जाळी बसवणं आणि ती पाल्यानं तुंबली तर पाणी जायला थोड्या वरच्या पातळीवर दुसरं जाळीचं तोंड ठेवणं.

दुसरा खुनी दिसतच नाही. दोन-तीन दिवस आभाळ भरलेलं, वारा पडलेला, हौदात फणसाआंब्याचा पाला कुजत पडलेला, अशा वेळी पाण्यातला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी असतो. कारण रात्री वनस्पती आणि शेवाळही तो वापरतात, सोडत नाहीत. रोहूसारख्या माशाला लिटरमागे पाचेक मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू मानवतो. तो दोनच्या खाली गेला की मासे वर येऊन तोंडं उघडू लागतात. मग काही मरतात, उजाडल्यावर घार, कावळे, मुंगूस येतात, आणि मालक उठतो तेव्हा त्याला चोचीत मासा धरून उडणारी घार दिसते. घारीवर आळ येतो. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली की तपकिरी अंगाच्या आणि पांढऱ्या डोक्याच्या घारी कशा घिरट्या घालतात ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पृष्ठभागावरचा जिवंत मासा त्या उचलतातही, पण मेलेलं आणि लोळागोळा झालेलं उचलण्यात त्यांना जास्त रस. तेव्हा घार दिसली की दगड शोधण्याआधी पाण्याकडे बघा. पाला काढणं आणि पहाटे तासभर पंपाचं पाणी उंचावरून धारेनं पाडणं यानं जितके मासे वाचतात, तितके कुठल्याही राखणीनं वाचत नाहीत. कुडाळ तालुक्यात मुळदे इथं कोकण कृषी विद्यापीठाचं शोभिवंत माशांचं केंद्र आहे. पाण्याबद्दलच्या शंका तिथं विचाराव्यात.

आता खरे शिकारी. त्यांतही ओळखीची गफलत भारी. पांढरा बगळा मासे खातो, म्हणून परड्यात पांढरं काही उतरलं की लोक टाळ्या वाजवतात. गुरांमागे फिरणारा गायबगळा मुख्यतः टोळ, नाकतोडे वेचत असतो. हौदाचं नेहमीचं गिऱ्हाईक वेगळं आहे, त्याचं नावच वंचक. जेमतेम दीड फूट उंचीचा, मातकट, रेघारेघांचा, मान खांद्यात घालून पोफळीच्या वाळल्या झावळीसारखा काठावर बसलेला. तुम्ही चार हातांवर जाईपर्यंत दिसत नाही. उडाला की पंख लख्ख पांढरे. म्हणून “पांढरो बगळो इलो हुतो” असं सांगितलं जातं आणि दोष गायबगळ्याच्या माथी जातो.

खंड्याचंही तसंच. तारेवर बसून खिंकाळणारा, पांढऱ्या छातीचा मोठा खंड्या सरडे, खेकडे, किडे यांवर बराचसा जगतो. मासा मिळाला तर सोडत नाही एवढंच. गप्पी किंवा गोल्डफिशची पिल्लं रोज एकेक करून नेणारा असतो तो लहान निळा खंड्या. वजन तीसेक ग्रॅम, पण दिवसाला स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक खाणारा. मासे एका रात्रीत न जाता महिनाभर हळूहळू कमी होत असतील आणि मोठे तसेच राहून छोटेच जात असतील, तर हौदावर वाकलेली फांदी छाटून बघा. त्याची बैठक गेली की धंदा बसतो.

वंचकासाठी नर्सरीत सिमेंटचा बगळा मिळतो. एका बगळ्याची जागा दुसरा बगळा घेत नाही, असा युक्तिवाद विक्रेता करतो. वंचक झाडांवर वसाहती करून राहणारा पक्षी. न हलणाऱ्या सोबत्याचं भय त्याला फार दिवस वाटत नाही. आठवड्यात सवय होते, मग तो पुतळा शोभेचाच. चकचकीत फिती आणि जुन्या सीड्यांचंही तेच. त्याला अडवते ती हौदाची रचना. वंचक खोल पाण्यात उतरत नाही. तो काठावरून किंवा उथळ पायरीवरून मान टाकतो. म्हणजे शोभेसाठी केलेला उतरता, दगडगोट्यांचा काठ त्याच्यासाठी जेवणाचं ताट. बाजू सरळ, खोली तीन फूट आणि पाण्याची पातळी काठापासून हातभर खाली असेल, तर त्याचा नेम चुकतो. पाणकावळा बुडी मारतो, त्याला खोलीचं काही वाटत नाही. पण उडायला त्याला पाण्यावर धाव लागते. हौदावर फूट-फूट अंतरानं आडव्या दोऱ्या ताणल्या की तो लांबूनच जातो.

सरळ बाजूंचा तोटाही सांगायला हवा. अशा हौदात पडलेलं मुंगुसाचं पिल्लू, साप किंवा मांजर बाहेर येऊ शकत नाही, बुडून मरतं, आणि मग पाणीही नासतं. म्हणून एका कोपऱ्यात काथ्या गुंडाळलेला बांबू तिरका सोडावा. आणि तळाशी माशांना घर द्यावं. स्लॅबची घरं झाल्यापासून गावोगाव मंगलोरी कौलं आणि जुने नळे ढिगानं पडलेत. ते एकमेकांवर रचले की सावली पडताच मासा आत शिरतो. कमळाच्या पानांचाही आडोसा चालतो, फक्त निम्म्याहून जास्त पाणी झाकू देऊ नये, नाहीतर पहाटेचा प्राणवायूचा प्रश्न पुन्हा उभा.

जाळीबद्दल माझं मत जरा कडक आहे. बंदरावरची टाकून दिलेली तंगुसाची जाळी फुकट मिळते, म्हणून ती हौदावर सैल पसरली जाते. त्यात मासे वाचतात की नाही कोण जाणे, पण दिवड, धामण, वंचक, कधी घुबड अडकून दिवसभर तडफडतं. पातळ, पारदर्शक धागा त्यांना दिसत नाही आणि मोठ्या भोकात डोकं जातं, ते परत येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १ सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवरच्या जाळीचं भोक ५ मिलिमीटरपेक्षा मोठं असू नये असा नियमच केला, तो याच कारणानं. आपल्याकडे शेतीच्या दुकानातली शेडनेट हाच हिशेब पुरा करते. बांबूच्या चौकटीवर ती ताणून बसवावी, सैल लोंबती ठेवू नये.

दिवडीवरचा राग मला कळतो, पण तो चुकीच्या माहितीवर उभा आहे. पाणदिवड बिनविषारी. डिवचली तर मान पसरून जोरात चावते, रक्त येतं, म्हणून लोक घाबरतात. ती मासे खाते, तसे बेडूकही खाते, आणि पावसात परड्यात बेडकांची कमी नसते. दिसताक्षणी काठी घालणं हा गुन्हा आहे आणि बऱ्याचदा बेडकासाठी आलेल्या पाहुणीला मारणं आहे. घोरपडीला हात लावणंही महागात पडतं. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

पाणमांजर राहिलं. आधी नावाचा घोळ: उदमांजर म्हणजे आपला कांडेचोर. तो झाडावर चढतो, फळं खातो, हौदातल्या माशांशी त्याचा फारसा संबंध नाही. जुनी माणसं ज्याला ऊद म्हणतात ते पाणमांजर. खाडीत, कांदळवनात, तिलारीच्या खोऱ्यात कुटुंबानं राहणारं, सात ते अकरा किलोचं, एकेकजण दिवसाला किलोभर खाणारं. असं कुटुंब परड्यात आलं तर अर्धे मासे शिल्लक ठेवत नाही. काठावर खवलं, डोकी, चिखलात पाच बोटांचे पडदेवाले ठसे आणि माशांच्या उग्र वासाची, खेकड्यांच्या कवचांनी भरलेली विष्ठा राहते. यातलं काही नसेल तर ते आलेलं नाही. आलंच असेल तर कुत्रा उपयोगी पडेल अशी आशा धरू नका. पाणमांजरांचा कळप कुत्र्याला पाण्यात दाद देत नाही. भक्कम, जमिनीत फूटभर गाडलेलं कुंपण हाच उपाय. विजेची तार सोडणं, विष घालणं, फास लावणं यावर चर्चासुद्धा नको. माणसं मरतात, आणि पाणमांजरही घोरपडीसारखंच पहिल्या अनुसूचीत आहे. कायदा १९७२ चा, त्यातल्या अनुसूच्या २०२२ च्या दुरुस्तीनं नव्यानं मांडल्या गेल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्या. प्राणी अडकला, जखमी झाला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

सांडव्याला जाळी बसवली त्याला आता दोन पावसाळे झाले. वंचक अजून येतो, साडेसातच्या सुमारास. काठावर दहा मिनिटं बसतो, पाणी फार खाली आहे हे त्याला पुन्हा एकदा कळतं, मग उठून काकींच्या खाचरात जातो. तिथं उथळ पाण्यात बेडूक भरपूर आहेत. काकींची तक्रार नाही.