सॉलिसिटरची उमेदवारी

विलायतेस जाऊन बॅरिस्टर होऊन आलेली माणसे आपल्या समाजाला चांगली परिचयाची आहेत. त्यांच्याविषयी आख्यायिका आहेत, आणि 'इन'मध्ये नेमाने जेवणे जेवून मिळविलेल्या त्यांच्या सनदेची खेळीमेळीची थट्टाही आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. सॉलिसिटरच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. तो झगा घालून न्यायासनापुढे क्वचितच उभा राहतो. खरेदीखते, मृत्युपत्रे, कंपन्यांचे करारमदार, दाव्याची सारी पूर्वतयारी हे त्याचे क्षेत्र. पक्षकार प्रथम त्याच्याकडे येतो, आणि बॅरिस्टरला काम मिळते ते बहुधा त्याच्याच हातून. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतही हीच विभागणी होती. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने अ‍ॅटर्नींचा वेगळा वर्ग राहिला नाही. तरीही बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटर-परीक्षा आणि तिच्यासाठी करावयाची आर्टिकल्ड क्लार्कची नोकरी मुंबईत अजून चालू आहे.

पुणे, नागपूर, इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथील एखाद्या मराठी घरातील मुलगी कायद्याची पदवी घेऊन इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्याची मनीषा बोलून दाखविते, तेव्हा वडीलमंडळींचा पहिला प्रश्न असतो, "कोर्स कोणता, आणि फी किती?" प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु क्रमाने तो दुसरा आहे. तेथे उमेदवारी कोठे मिळणार, हा पहिला.

'उमेदवार' म्हटले की आज निवडणूक आठवते. इंग्रजी अमलातील कचेऱ्यांत मात्र या शब्दाला निराळा अर्थ होता. जागा रिकामी होईपर्यंत होतकरू तरुण बिनपगारी कचेरीत येऊन बसे, नकला करी, दफ्तर लावी, आणि वरिष्ठांची मर्जी बसली की नोकरीस चिकटे. आम्हां सरकारी नोकरांना हा पूर्वजांचा इतिहास असल्यामुळे त्याविषयी थोडी आपुलकी वाटते. इंग्लंडमधील सॉलिसिटरचे शिक्षण मुळात याच जातीचे. १७२८ च्या कायद्याने पाच वर्षांची लेखी कराराची उमेदवारी तेथे आवश्यक ठरली. पुढे दीर्घकाळ रीत अशी, की उमेदवाराला वेतन तर नाहीच, उलट त्याच्या घरच्यांनी धन्याला भारी रक्कम द्यावयाची. डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये नायकासाठी त्याच्या वडिलांच्या आत्याने एक हजार पौंड मोजले आहेत. तेथील धनी प्रॉक्टर आहे, सॉलिसिटर नव्हे. पण तऱ्हा एकच. पुढे तिची मालमत्ता बुडाल्याचे कळते, डेव्हिड त्या रकमेतील काही भाग परत मागतो, आणि धनी आपल्या भागीदाराकडे बोट दाखवून मोकळा होतो.

विद्या आणि सनद यांमधील अंतर किती असू शकते, याचे एक उदाहरण आपल्या प्रांतातलेच आहे. नाशिकला जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डच्या बी. सी. एल. परीक्षेस बसल्या. ती परीक्षा देणारी ही पहिली स्त्री. लंडनच्या एका सॉलिसिटर-पेढीत त्यांनी काही काळ काम शिकूनही घेतले. बसावयास जागा मिळाली, पण सनदेची वाट स्त्रियांना बंद होती. ती उघडली १९१९ च्या कायद्याने, आणि इंग्लंडमधील पहिली स्त्री सॉलिसिटर झाली १९२२ मध्ये.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या जुन्या व्यवस्थेला नवे नाव मिळाले. १९९० मध्ये 'आर्टिकल्स' जाऊन 'ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट' आले. दोन वर्षांचा पगारी करार, आणि त्यात बहुधा सहा सहा महिने चार निरनिराळ्या विभागांत काम. १९९३ पासून त्यापूर्वी 'लीगल प्रॅक्टिस कोर्स' हा अभ्यासक्रम पुरा करणे आवश्यक झाले. ज्याची पदवी कायद्याची नाही, त्याने त्याआधी एक वर्ष रूपांतराचा अभ्यासक्रम करावयाचा. कागदावर ही मांडणी नीटनेटकी दिसते. मात्र तिच्यात एक निर्दय फट होती. मोठ्या पेढ्या आपला उमेदवार दोन वर्षे आधी निवडीत आणि अभ्यासक्रमाची फी स्वतः भरीत. शिवाय निर्वाहापुरते पैसेही देत. ज्यांची निवड झालेली नसे ते कर्ज काढून कोर्स करीत आणि मग जागा शोधीत. लंडनमध्ये ही फी शेवटच्या काळात सोळा-सतरा हजार पौंडांपर्यंत गेली होती. कोर्स उत्तीर्ण झाला, जागा मिळाली नाही, तर सॉलिसिटर ही पदवी कायमची दूरच. म्हणजे गरजू विद्यार्थ्यानेच सर्वांत मोठा जुगार खेळावयाचा, असा हा न्याय होता.

१ सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीने हे चित्र बदलले. (जे आधीपासून जुन्या वाटेवर आहेत त्यांना ती २०३२ अखेरपर्यंत खुली आहे. स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड यांचे नियम वेगळे. मी बोलतो ते इंग्लंड व वेल्सविषयी.) आता चार गोष्टी लागतात: कोणत्याही विषयाची पदवी किंवा तिच्याशी समकक्ष पात्रता, 'एस. क्यू. ई.' ही दोन भागांची परीक्षा, दोन वर्षांचा मान्य कामाचा अनुभव, आणि चारित्र्याची खातरजमा. परीक्षेच्या पहिल्या भागात दोन प्रश्नपत्रिका, प्रत्येकीत १८० प्रश्न, आणि दर प्रश्नास पाच उत्तरांतून सर्वोत्तम निवडावयाचे. दुसऱ्या भागात सोळा कामे प्रत्यक्ष करून दाखवावी लागतात. त्यांपैकी बारा लेखी व चार तोंडी. पक्षकाराची मुलाखत घेणे, न्यायाधीशापुढे बाजू मांडणे, मसुदा तयार करणे, या स्वरूपाची ती असतात. सहा वर्षांत तीनच प्रयत्न. पहिल्या भागाच्या पहिल्या परीक्षेत, म्हणजे नोव्हेंबर २०२१ मध्ये, उत्तीर्णांचे प्रमाण ५३ टक्के होते. दोन्ही भागांची फी तेव्हा ३,९८० पौंड होती. २०२४ मध्ये ती ४,७९० झाली.

तयारीचा अभ्यासक्रम मात्र या नियमांत कोठेही सक्तीचा नाही, हे पालकांनी नीट लक्षात घ्यावे. जाहिराती वाचून तसे वाटत नाही. बहुतेकांना शिकवणीची गरज भासते हे खरे, पण ती किती घ्यावी हा ज्याचा त्याचा हिशेब आहे. तसेच एक वर्षाची एल्‌एल्. एम्. पदवी. तिच्यासाठी आपल्याकडील कुटुंबे घरदार गहाण टाकतात. विद्या म्हणून तिचे मोल आहेच. पण सॉलिसिटर होण्याच्या वाटेवर तिने एकही पायरी कमी होत नाही.

उमेदवारीचा दरवाजा थोडा रुंद झाला आहे. दोन वर्षांचा अनुभव आता चार ठिकाणांपर्यंत विभागून घेता येतो. पेढीतील साहाय्यकाचे काम, विद्यापीठाच्या कायदा-सल्ला केंद्रातील काम, परदेशातील कायद्याचे कामही त्यात धरले जाते. २०१६ पासून अठराव्या वर्षी पेढीत शिरून, पगार घेत, सुमारे सहा वर्षांत सॉलिसिटर होण्याची वाटही निघाली आहे. पण मोठ्या पेढ्यांची आधी निवडण्याची रीत काही गेली नाही, आणि फी भरणारेही मुख्यतः तेच. त्यामुळे अर्ज हीच अजून खरी परीक्षा.

हे अर्ज कायद्याचा विद्यार्थी पदवीच्या शेवटून दुसऱ्या वर्षी करू लागतो. इतर विषयांचा शेवटच्या वर्षी. पुष्कळ पेढ्या अर्ज येतील तसे वाचीत जातात, म्हणून अंतिम तारखेची वाट पाहणारा तोट्यात राहतो. अर्जानंतर बहुधा तर्कशक्तीची चाचणी, मग मुलाखत, आणि शक्य तर सुटीत एक ते तीन आठवडे पेढीत काम. या सुटीतील कामातूनच अनेकांची अंतिम निवड होते. नियतकालिकातील गौरवलेख वाटावा असा अर्ज आपली मुले लिहितात. वाचणाऱ्याला हवे असते ते निराळेच. ही पेढी कोणती कामे करते, तिचे पक्षकार कोण, आणि घरच्या दुकानाचे हिशेब पाहताना किंवा सोसायटीच्या तंट्यात कागदपत्रे जुळविताना तुम्ही नेमके काय केलेत, हे त्याला दोन वाक्यांत समजले पाहिजे.

निकालाचे तंत्रही समजून घ्यावे. जानेवारी २०२४ च्या परीक्षेत १७५ जणांना ते अनुत्तीर्ण असल्याचे प्रथम कळविले गेले. काही आठवड्यांनी ते उत्तीर्ण असल्याचे निष्पन्न झाले. पेढीचा करार निकालावर अवलंबून असलेल्या तरुणाचे ते आठवडे कसे गेले असतील, याची कल्पना करावी. करारातील नापास झाल्यासंबंधीचे कलम सही करण्यापूर्वीच वाचलेले बरे. कायद्याचे विद्यार्थी आपला स्वतःचा करार फार वरवर वाचतात, असे माझे निरीक्षण आहे.

भारतात सनद घेतलेल्या वकिलाची स्थिती थोडी सोपी आहे. त्याला दोन वर्षांच्या अनुभवाची अट नाही, आणि दोन वर्षे वकिली झाली असल्यास परीक्षेच्या दुसऱ्या भागातून सूट मागता येते. पहिला भाग इंग्लंडबाहेरील केंद्रांतही देता येतो. दुसऱ्यातील तोंडी कामांसाठी मात्र तेथेच जावे लागते. परंतु सनद मिळाली म्हणजे तेथे राहून काम करण्याचा परवाना मिळाला, असे नव्हे. त्यासाठी परदेशीयांना नोकरीस ठेवण्याची अनुज्ञा असलेली पेढी लागते, आणि लहान पेढ्यांपाशी ती बहुधा नसते. अर्जापूर्वी हे विचारून घेण्यात संकोच नको.

सनद नसलेल्याने अनुभवाच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात. त्या कालावधीची खात्री सॉलिसिटरने द्यावयाची असते. ती देताना तो उमेदवाराच्या योग्यतेचे प्रशस्तिपत्र देत नाही. काम झाले, इतके महिने झाले, आणि त्यातून आवश्यक कौशल्ये शिकण्याची संधी मिळाली, हे तो सांगतो. वरिष्ठ माणसे जागा बदलतात, पेढ्या एकमेकींत विलीन होतात. म्हणून ही सही एका जागेवरून उठून दुसरीकडे जाण्यापूर्वीच घ्यावी.