अल्जीरियात मुक्काम: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अल्जीरिया हा क्षेत्रफळाने आफ्रिकेतला सर्वांत मोठा देश. टिमगाड आणि जेमिला ही रोमन शहरं, तासिलीतली प्रागैतिहासिक चित्रं, अल्जीयर्सचा कसबा अशी सात जागतिक वारसास्थळं तिथे आहेत. तरीही शेजारच्या मोरोक्को किंवा ट्युनिशियाच्या मानाने परदेशी पर्यटक तुरळकच. तेल आणि वायूच्या उत्पन्नामुळे पर्यटनावर विसंबण्याची वेळ या देशावर आली नाही आणि १९९०च्या दशकातल्या यादवीने येणारे प्रवासीही आटले. मुक्कामाच्या सोयी वाढल्या त्या मुख्यतः देशातल्याच माणसांसाठी. परक्याचा गोंधळ उडतो तो इथेच.

गैरसमज : अ‍ॅपवर हॉटेल दिसत नाही, म्हणजे गावात हॉटेल नाही.
वस्तुस्थिती : व्यापारी, सरकारी नोकर, लग्नाला निघालेली कुटुंबं रोज कुठेतरी उतरतातच. ती फोन करून किंवा थेट दारात जाऊन खोली घेतात. अनेक मध्यम हॉटेलं बुकिंगच्या संकेतस्थळांवर नसतात, फेसबुक पानावर फोन नंबर मात्र असतो. चार वाक्यं फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर काम सोपं होतं. टिमगाडसाठी बातना आणि जेमिलासाठी सेतिफ इथे मुक्काम करावा. अवशेषांच्या दारातच खोली शोधत बसू नये. मोठ्या शहरांत साध्या खानावळवजा लॉजपासून पंचतारांकितपर्यंत सगळं मिळतं. काही हमामांत, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहांत, तर रात्री पुरुषांना स्वस्तात झोपायची जागाही देतात.

गैरसमज : सरकारी हॉटेल म्हणजे सिमेंटचा रुक्ष ठोकळा.
वस्तुस्थिती : स्वातंत्र्यानंतर सरकारने फेर्नां पुइयों या फ्रेंच वास्तुकाराकडून किनाऱ्यावर आणि वाळवंटात अनेक हॉटेलं बांधून घेतली. कमानी, अंगणं, स्थानिक मातीचे रंग ही त्यांची ओळख. वाळवंटातल्या तिमिमूनचं गुरारा हॉटेल खजुराच्या बागांकडे तोंड करून उभं आहे. नळाला पाणी किंवा खोलीत गारवा असेलच याची खात्री मात्र प्रत्येक ठिकाणी देता येत नाही. काही हॉटेलं दुरुस्तीसाठी दीर्घकाळ बंदही राहतात, म्हणून निघण्याआधी फोन करावा.

गैरसमज : ओळखीच्या घरी उतरायचं, मग कागदपत्रं कशाला?
वस्तुस्थिती : भारतीय पासपोर्टधारकाला व्हिसा लागतो आणि अर्जासोबत राहण्याचा पुरावा द्यावा लागतो. हॉटेलचं आरक्षण चालतं. कुणाच्या घरी राहायचं असेल, तर यजमानाने आपल्या नगरपालिकेतून निवासाचं प्रमाणपत्र काढून पाठवायचं असतं. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम आधी उरकावं.

गैरसमज : हॉटेलवाला पासपोर्ट मागतो, म्हणजे काहीतरी गडबड आहे.
वस्तुस्थिती : परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे जाते, तो रोजचा नियम आहे. काही भागांत शहराबाहेर पडताना पोलीस सोबतही येतात. आजचा मुक्काम कुठे आणि उद्याचा कुठे, हे कागदावर लिहून जवळ ठेवलं की प्रश्नोत्तरं लवकर संपतात.

गैरसमज : सहारात कुठेही तंबू ठोकावा.
वस्तुस्थिती : जानेत आणि तामानरासेत परिसरात फिरायला मान्यताप्राप्त एजन्सी आणि वाटाड्या लागतो. तंबू, गाद्या, जेवण, गाडी सगळं एजन्सीच बघते, त्यामुळे मुक्कामाची जागा वेगळी शोधावी लागत नाही. २०२३पासून अशा एजन्सीमार्फत दक्षिणेत येणाऱ्यांसाठी विमानतळावर व्हिसा देण्याची सोयही सुरू झाली आहे. आणि हो, हिवाळ्यात तामानरासेतजवळच्या होग्गारच्या डोंगरांत रात्री पारा शून्याजवळ उतरतो. वाळवंट आहे म्हणून पातळ चादर पुरत नाही.

गैरसमज : म्झाबच्या खोऱ्यात परक्यांना थारा नाही.
वस्तुस्थिती : अर्धसत्य. या खोऱ्यातल्या घारदायाजवळच्या बेनी इस्गेन गावाच्या तटबंदीत वाटाड्याशिवाय जाता येत नाही, माणसांचे फोटो काढता येत नाहीत आणि परक्याने रात्री तिथे राहायचं नाही असा जुना संकेत आहे. पण बाहेर खजुराच्या बागांमध्ये इथल्या कुटुंबांची उन्हाळी घरं आहेत आणि त्यांतली काही आता पाहुण्यांसाठी खुली आहेत. जाड भिंती, मधलं अंगण, घरचं जेवण. हॉटेलपेक्षा हा मुक्काम सरस.

गैरसमज : पर्यटक कमी, म्हणजे खोल्या कायम रिकाम्या.
वस्तुस्थिती : ऑगस्टमध्ये फ्रान्समधले अल्जीरियन सुट्टीला येतात आणि किनारा भरून जातो. नववर्षाच्या सुमारास तिमिमून आणि तागित इथे देशातल्याच पर्यटकांची झुंबड उडते.

गैरसमज : कार्ड आहे, मग चिंता नाही.
वस्तुस्थिती : मोजकी मोठी हॉटेलं सोडली, तर व्यवहार रोख दिनारमध्येच. दिनार देशाबाहेर मिळत नाहीत. युरोच्या नोटा सोबत न्याव्यात आणि खोलीचं भाडं, नाश्ता, कर सगळं धरून एकूण किती होईल हे फोनवरच ठरवून घ्यावं.