नदीकाठची धूप व तिचे नियंत्रण

नदीकाठची धूप व तिचे नियंत्रण : वाहत्या पाण्यामुळे नदीच्या काठाची माती सुटून वाहून जाणे व त्यामुळे काठ मागे हटत जाणे, या क्रियेस नदीकाठची धूप म्हणतात. पावसाच्या पाण्याने शेतातील मातीचा वरचा थर वाहून गेल्यास जमीन निकस होते, परंतु ती जागेवर राहते. काठ ढासळल्यावर मात्र जमीनच नाहीशी होते आणि तिच्याबरोबर विहिरी, पंपघरे, झाडे, प्रसंगी घरेही जातात. काठची जमीन बहुधा गाळाची व सुपीक असल्याने लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने ही हानी भरून न येणारी असते.

कारणे : वळणावर प्रवाहाचा मुख्य झोत बाहेरील काठावर आदळतो व तेथे पात्र खोल होते. आतील काठाजवळ वेग मंदावल्याने गाळ साचून मळई तयार होते. नदीने नागमोडी वळणे घेणे ही नैसर्गिक क्रिया असून ती पूर्णपणे थांबविता येत नाही. काठ ढासळण्याची सुरुवात बहुधा पायथ्यापासून होते. पायथ्याची माती खरवडली गेली म्हणजे वरचा भाग निराधार होऊन कोसळतो. पुष्कळदा काठ पूर चढताना न ढासळता पूर ओसरताना ढासळतो. पाण्याने भिजून जड झालेल्या मातीला तोवर नदीच्या पाण्याचा आधार असतो. पातळी झपाट्याने उतरली की तो आधार जातो, परंतु मातीतील पाणी तितक्या लवकर निचरून जात नाही. काळ्या मातीला उन्हाळ्यात खोल भेगा पडत असल्याने त्यांत पावसाचे पाणी शिरून काठ अधिक दुर्बल होतो.

या नैसर्गिक कारणांत मानवी कृतींची भर पडते. काठावरील झाडझाडोरा तोडणे, अगदी धारेपर्यंत नांगरट करणे, वीटभट्टीसाठी माती काढणे, गुरांना वाटेल तेथून पाण्यावर उतरू देणे व शेताचे पाणी काठावरून मोकळे सोडणे यांमुळे काठ कमकुवत होतो. वाळूच्या बेसुमार उपशाने पात्राचा तळ खाली जाऊन काठाचा पायथा उघडा पडतो.

नियंत्रणाचे उपाय : धूप किरकोळ असेल, तर वनस्पतींचा उपयोग सर्वांत कमी खर्चाचा ठरतो. उभा काठ छाटून त्यास सु. दीडास एक ते दोनास एक (आडवे अंतर : उंची) असा उतार देतात व त्यावर गवत आणि झाडे लावतात. वाळा या गवताच्या मुळ्या अनुकूल जमिनीत ३ ते ४ मी. खोल जातात व माती घट्ट धरून ठेवतात. पाण्यालगत लव्हाळा, शेरणी व वाळुंज, तर वरच्या भागात करंज, जांभूळ, उंबर, बांबू यांची लागवड उपयुक्त ठरते. शेरणीसारखी झुडपे पुरात वाकतात, मोडत नाहीत. मुळे धरेपर्यंत गुरांपासून संरक्षण आवश्यक असते व गुरांसाठी एकच उतार राखून ठेवणे इष्ट ठरते. शेताचे पाणी चराने एकत्र करून दगडी सांडीवरून खाली सोडतात.

प्रवाह वेगवान असल्यास उतारावर दगडी अस्तर (पिचिंग) करतात. पाण्याचा वेग दुप्पट झाल्यास जागेवर टिकण्यासाठी लागणाऱ्या दगडाचे वजन सु. ६४ पट होते. म्हणून दगडाचा आकार पुरातील वेगावरून ठरवावा लागतो. अस्तराखाली जाड वाळू व खडी यांचा गाळणथर किंवा भूवस्त्र नसेल, तर फटींतून माती निघून जाते व अस्तर खचते. तसेच पायथ्याशी दगडांचा पसारा घालतात. तळ खरवडला गेल्यास हे दगड घसरून खड्ड्यावर आपोआप आच्छादन तयार होते. मोठे दगड न मिळाल्यास तारजाळीच्या पेट्यांत (गॅबियन) लहान दगड भरून वापरतात.

प्रवाह काठापासून दूर सारण्यासाठी काठातून पात्रात काढलेल्या लहान बांधांना स्पर म्हणतात. त्यांचे टोक प्रवाहाच्या उगमाच्या दिशेस कललेले असल्यास झोत काठापासून दूर जातो. दोन स्परांतील अंतर सामान्यतः स्परच्या लांबीच्या दोन ते अडीच पट ठेवतात. गाळ वाहून आणणाऱ्या नद्यांत बांबूचे किंवा प्रबलित काँक्रीटच्या दांड्यांचे सच्छिद्र सांगाडे वापरतात. त्यांना त्यांच्या रूपावरून ‘पॉर्क्युपाइन’ (साळिंदर) म्हणतात. त्यांमुळे वेग मंदावून काठाशी गाळ साचतो.

आसामातील ब्रह्मपुत्रेच्या पात्रातील माजुली हे बेट या समस्येचे ठळक उदाहरण आहे. १९५० च्या भूकंपानंतर दरडींचा प्रचंड गाळ पात्रात येऊन नदीचा तळ उंचावला व काठांची धूप वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभी असलेल्या क्षेत्रफळाच्या निम्म्याहून कमी भाग आता उरला आहे. तेथे दगडी कामे, वाळूने भरलेल्या भूवस्त्राच्या पिशव्या व साळिंदरे यांचा उपयोग करण्यात आला आहे.

नियोजन : एका शेताचे रक्षण करणारा स्पर समोरच्या काठावर किंवा खालच्या शेजाऱ्याच्या जमिनीवर झोत वळवू शकतो. म्हणून एकट्यादुकट्याने बांधकाम न करता नदीच्या संपूर्ण वळणाचा एकत्रित विचार करावा लागतो. पात्रातील कामांना शासनाची परवानगीही लागते. मोठ्या कामांपूर्वी प्रतिकृतींवर प्रयोग करतात. पुण्याजवळील खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत् अनुसंधान शाळेत (स्थापना १९१६) असे प्रयोग होतात. वाहून गेलेल्या व मळईच्या जमिनींसंबंधी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हीत तरतुदी आहेत. परंतु आकारणी कमी झाली, तरी गेलेली जमीन परत मिळत नाही. यास्तव काठाला पहिल्या भेगा दिसताच उपाय योजणे, दर पावसाळ्याच्या आधी व नंतर काठाची पाहणी करणे आणि धारेलगतचा पट्टा नांगराबाहेर ठेवणे हेच सर्वांत स्वस्त संरक्षण ठरते.