आज्ञावलीची घटक चाचणी

घटक चाचणी तुमच्या चांगल्या ओळखीची आहे. वार्षिक परीक्षेपूर्वी एकेका घटकावर छोटी परीक्षा घेतली, की कोणता भाग कच्चा राहिला आहे ते वेळीच कळते. संगणकाच्या आज्ञावलीचीही अशीच घटक चाचणी घेतात. तिची गरज का पडते, हे कोल्हापूरच्या एका उदाहरणावरून पाहू या.

बंधाऱ्यावरचे दोन आकडे

कसबा बावड्याजवळ पंचगंगेवर राजाराम बंधारा आहे. पावसाळ्यात तेथील पाण्याच्या पातळीकडे साऱ्या कोल्हापूरचे लक्ष लागलेले असते. ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी होय. २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांत पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते.

समजा, फूट आणि इंच दिले की ‘साधारण’, ‘इशारा’ किंवा ‘धोका’ असे उत्तर देणारी आज्ञावली आपल्याला जावास्क्रिप्ट भाषेत लिहायची आहे. ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली तयार केलेली ही भाषा आज बहुतेक संकेतस्थळांवर वापरली जाते. आपल्या आज्ञावलीची रीत सोपी आहे. फुटांना १२ ने गुणून त्यांत इंच मिळवायचे. बेरीज ५१६ किंवा अधिक आली तर ‘धोका’, तसे नसून ४६८ किंवा अधिक आली तर ‘इशारा’, एरवी ‘साधारण’.

उत्तर आधी, परीक्षा नंतर

चाचणी म्हणजे आज्ञावलीला द्यायची माहिती आणि तिचे अपेक्षित उत्तर यांची जोडी. हे उत्तर आपण आधीच ठरवून ठेवतो. परंतु प्रश्न कोणते निवडावेत? पातळी २० किंवा ५० फूट असताना घोटाळा होण्याचा संभव कमी. चुका बहुधा सीमेवर दडलेल्या असतात. म्हणून हे चार प्रश्न घेऊ :

३८ फूट ११ इंच – साधारण
३९ फूट ० इंच – इशारा
४२ फूट ११ इंच – इशारा
४३ फूट ० इंच – धोका

आज्ञावलीत ‘किंवा अधिक’ऐवजी चुकून ‘पेक्षा अधिक’ लिहिले गेले, तर दुसऱ्या आणि चौथ्या प्रश्नात ती नापास होईल. पहिला आणि तिसरा प्रश्न मात्र ही चूक पकडणार नाहीत.

अक्षरे की संख्या?

चारही प्रश्नांत आज्ञावली पास झाली आणि आपण ती संकेतस्थळावर ठेवली. आता एक नवी अडचण उभी राहते. रकान्यात टाइप केलेली माहिती आज्ञावलीला सामान्यतः संख्या म्हणून नव्हे, तर अक्षरे म्हणून मिळते. ९ फूट ० इंच ही पातळी घ्या. गुणाकार करताना जावास्क्रिप्ट अक्षरांची संख्या करून घेते. उत्तर १०८ येते. पण अधिक चिन्हाच्या एका बाजूला अक्षरे असली, की बेरीज न करता ती दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी जोडते. १०८ च्या पुढे ० बसते आणि होतात १०८०! नदी तळाशी असताना आज्ञावली ‘धोका’ म्हणून ओरडते.

उपाय म्हणून आपण आधीच अक्षरांचे संख्येत रूपांतर करून घेतो. आता कोणी देवनागरी अंकांत ४३ लिहिले तर? जावास्क्रिप्टचे नेहमीचे रूपांतर फक्त इंग्रजी अंक ओळखते. देवनागरी अंकांवर ते ‘संख्या नव्हे’ असा खास शेरा मारते. हा शेरा ५१६ पेक्षा मोठा आहे का? नाही. ४६८ पेक्षा? नाही. मग उरले ‘साधारण’. नदी धोक्याच्या पातळीवर आणि संगणक निश्चिंत! पहिल्या चुकीने लोक विनाकारण घाबरतील. दुसरीने ते गाफील राहतील. म्हणून दुसरी अधिक घातक.

तेव्हा या दोन्ही गोष्टींच्या चाचण्या आपल्या यादीत घालायच्या. देवनागरी अंकांसाठी ‘माहिती तपासा’ हे अपेक्षित उत्तर ठरवायचे आणि आज्ञावली त्याप्रमाणे सुधारायची.

परीक्षक संगणकच

या चाचण्याही जावास्क्रिप्टमध्येच लिहितात. २०२२ पासून ‘नोड’ या प्रणालीत त्या चालवण्याची सोय अंगभूतच आहे. एक आज्ञा दिली, की सर्व प्रश्न विचारले जातात, उत्तरे ताडून पाहिली जातात आणि नापास झालेल्या चाचण्या दाखवल्या जातात. पुढे दुसऱ्या कोणी आज्ञावलीत बदल केला, तरी जुन्या चाचण्या पुन्हा चालवून काय बिघडले ते लगेच कळते.

मात्र सर्व चाचण्या पास झाल्या म्हणजे आज्ञावली निर्दोष ठरली, असे नाही. विचारलेल्या प्रश्नांपुरतीच ती खात्री असते. चाचण्या चुका असल्याचे दाखवतात, नसल्याचे नव्हे, हे संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी फार पूर्वीच बजावले होते.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. रिकाम्या रकान्याचे रूपांतर जावास्क्रिप्ट शून्यात करते. पुराच्या रात्री फुटांचा रकाना चुकून रिकामा राहिला, तर आपली आज्ञावली काय सांगेल? आणि त्या चाचणीसमोर तुम्ही कोणते उत्तर लिहाल?