दिव्याचा उजेड वॅटमध्ये नाही, ल्युमेनमध्ये

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो याचे माप. उजेड मोजला जातो ल्युमेनमध्ये. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब साधारण ७०० ते ८०० ल्युमेनच देतो, कारण त्याची बहुतेक वीज उष्णतेत जाते. तेवढाच उजेड ९ वॅटच्या एलईडीतून मिळतो. रोज पाच तासांच्या हिशेबाने बल्ब महिन्याला ९ युनिट वापरतो, एलईडी दीड युनिटही नाही. भारतात एलईडी स्वस्त होऊन घरोघरी पोहोचले त्यात २०१५च्या ‘उजाला’ योजनेचा वाटा मोठा आहे.

खोक्यावर ल्युमेन, वीजबचतीच्या ताऱ्यांचे लेबल आणि केल्विनचा आकडा पाहावा. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे पिवळसर उजेड, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. झोपायच्या खोलीत पिवळसर बरा. पांढऱ्याचा हट्ट बहुधा सवयीचाच. बंदिस्त काचेच्या शेडमध्ये एलईडी लवकर जातो, कारण उष्णता साचून आतले इलेक्ट्रॉनिक भाग, विशेषतः कपॅसिटर, खराब होतात.

खरी काळजी जुन्या सीएफएलची, म्हणजे वळणदार नळीच्या दिव्याची. तिच्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. ती फुटल्यास पंखा बंद करून खिडक्या उघडाव्यात, दहा-पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे. तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करावेत, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत आणि सारे झाकणाच्या बरणीत ठेवावे. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरला तर पारा पसरतो. एलईडीत पारा नसतो, पण सर्किट असते. म्हणून दोन्ही ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्यावेत. तिथून पुढे अधिकृत पुनर्प्रक्रियेत काच, ॲल्युमिनियम आणि तांबे वेगळे काढता येते.