गर्दीत नाव टिकवायचं तर…

मुंबईत वारली चित्र शोधावं लागत नाही. कुर्त्यावर, चहाच्या कपावर, पडद्यावर, सोसायटीच्या कुंपणावर तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरलेली माणसं हटकून दिसतात. शोधावा लागतो तो चित्रकार. तो डहाणू-तलासरीकडच्या एखाद्या पाड्यावर राहतो आणि त्याच्या नक्षीची छापील चादर शहरातल्या फुटपाथवर खपते. त्याच्या हाती त्यातला एक रुपयाही येत नाही. लहान व्यावसायिकानं मोठ्या शहरात लोकांच्या नजरेत कसं यावं, या प्रश्नाचं उत्तर म्हणूनच जाहिरातीपासून सुरू करू नये. माल नजरेत भरला आणि करणाऱ्याचं नाव मागे राहिलं, तर धंदा दुसऱ्याचाच होतो.

वारली चित्रांचं मूळ लग्नघरात आहे. गेरूनं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक लिहीत आणि त्यात पालघट देवी बसे. ही विकायची वस्तू नव्हतीच. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार या पाड्यांवर आले. भिंतीवरचं चित्र कागदावर उतरलं आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगाला माहीत झाले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण एका म्हसेंना कीर्ती मिळाली म्हणून शेजारच्या पाड्यावरच्या चित्रकाराला गिऱ्हाईक मिळतंच असं नाही. त्यासाठी आदिवासी युवा सेवा संघानं पुढाकार घेतला आणि 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं.

या मानांकनाबद्दल एक गैरसमज सगळीकडे आढळतो. मानांकन मिळालं म्हणजे काम झालं, असं लोक धरून चालतात. 1999च्या कायद्यानुसार नोंदलेलं नाव त्या प्रदेशातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं. मात्र ते हक्कानं वापरण्यासाठी प्रत्येकाला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. या नोंदीचं शुल्क पूर्वी 500 रुपये होतं, 2020 मध्ये ते 10 रुपयांवर आणलं गेलं. दहा रुपये कोणाला जड नाहीत. अडतं ते अर्ज भरण्यावर, पुरावे जोडण्यावर आणि चेन्नईच्या कार्यालयाशी पत्रव्यवहार करण्यावर. पाड्यावरच्या माणसाला तिथे मदत लागते आणि ती करायला गावातली शिकलेली मुलं पुढे यायला हवीत. मानांकनाची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ते नावाला संरक्षण देतं. नुसती नक्षी उचलणाऱ्याला रोखणं त्यानं सोपं होत नाही. म्हणून चित्रावर सही हवी, मागे गावाचं नाव हवं आणि फोन नंबर हवा. आजही कितीतरी चित्रं सहीविना विकली जातात, याचं मला वाईट वाटतं.

चिकूची कथा थोडी वेगळी आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये मानांकन मिळालं. अर्ज महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाचा होता. कॅल्शियमयुक्त जमिनीमुळे इथल्या फळाला वेगळी गोडी येते, असा दावा त्यात मांडला आहे. बागेत गेलात तर तोडणीवाला सालीवर नखानं हलकेच ओरखडा काढताना दिसेल. खाली हिरवी रेघ उमटली तर फळ झाडावरच राहतं, पिवळसर उमटली तर उतरवलं जातं. साल खरखरीत आहे की भुकटी झडून गुळगुळीत झाली आहे, हेही तो बोटांनी चाचपतो. फळ कठीण असताना तोडलं जातं आणि पुढे चार-पाच दिवसांत पिकतं. शेतकऱ्याची सारी कोंडी या चार-पाच दिवसांत आहे. फळ थांबत नाही, म्हणून व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागतो. आणि बाजारात गेल्यावर फळाचं नाव ‘चिकू’ एवढंच उरतं, गाव गळून पडतं.

यावर इथल्या लोकांनी काढलेला तोडगा मला फार मोलाचा वाटतो. शहरात जाऊन ओरडण्याऐवजी त्यांनी शहरालाच गावी बोलावलं. 2013 मध्ये बोर्डीच्या किनाऱ्यावर चिकू महोत्सव सुरू झाला. त्याच वर्षी चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली. मुंबईकर येतो, बाग पाहतो, वारली चित्र काढून पाहतो, चिकूचे चिप्स, लोणचं, मिठाई घेऊन जातो. वाळवलेला चिकू चार दिवसांत नासत नाही आणि त्याच्या पाकिटावर नाव छापता येतं. झाडाखाली हातात घेतलेलं फळ माणूस विसरत नाही, पुढच्या वेळी फळवाल्याला तो ‘घोलवडचा आहे का’ असं विचारतो. असं विचारणारी हजार गिऱ्हाइकं तयार झाली, तर त्यापुढे कोणताही फलक फिका आहे.

सगळ्यांनीच सगळ्या शहराला दिसायला हवं, असंही नाही. चिंचणी-वरोर पट्ट्यात घरोघरी दागिन्यांच्या डाय बनवणारे कारागीर आहेत. पोलादात कोरलेल्या त्या साच्यांवरून दागिने घडतात, पण दागिना घालणाऱ्याला ही गावं ठाऊक नसतात. त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे सराफ आणि दागिन्यांचे कारखानदार. या कारागिरांना पर्यटकांसाठी पाटी लावून काही मिळणार नाही. कोणाच्या नजरेत यायचं हे आधी ठरवावं, पैसे मग खर्च करावेत.

महामार्गावर, तलासरीच्या बाजूला धाबा किंवा फळांची टपरी असेल तर मात्र मोबाइलचा नकाशा कामाचा. गूगलवर व्यवसायाची नोंद फुकट होते. शोधलेल्या गोष्टीशी मेळ, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी, या तीन गोष्टींवर स्थानिक निकालांचा क्रम ठरतो, असं खुद्द गूगल सांगतं. अंतर आपल्या हातात नाही, बाकीचं आहे. नेमका ठिकाणा, उघडण्या-बंद होण्याच्या खऱ्या वेळा, स्वतः काढलेले फोटो, गिऱ्हाइकांचे अभिप्राय आणि त्यांना दिलेलं उत्तर, एवढं नीट ठेवलं तरी पुष्कळ होतं. इथे गुजरात लागून असल्यानं दुकानाचं नाव मराठीबरोबर गुजराती, हिंदी आणि इंग्रजीतही द्यावं. वेळ चुकीची टाकून बंद दाराशी आणलेला प्रवासी परत येत नाही.

1991 च्या केंद्राच्या अधिसूचनेनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला आणि मोठ्या प्रदूषणकारी उद्योगांना इथे बंदी आली. या तालुक्याची रोजीरोटी मुख्यतः बागा, समुद्र, हस्तकला आणि लहान दुकानांवर राहिली आहे. त्यामुळे इथल्या उत्पादक संघांनी आणि महाविद्यालयांनी या हंगामात एक काम हाती घ्यावं: गावागावांत बसून अधिकृत वापरकर्त्यांचे अर्ज भरून द्यावेत. आणि मुंबईच्या वाचकांना एवढीच विनंती, पुढच्या वेळी वारली चित्र किंवा चिकू घेताना तो कोणाचा आणि कुठल्या गावचा, हे विक्रेत्याला जरूर विचारा.