कर्जावाचून पहिले घर आणि दलालाचे साहाय्य

व्यापारी कुटुंबांत एक विसंगती वारंवार दृष्टीस पडते. ज्या गृहस्थाच्या शब्दावर बाजारात माल उधार मिळतो, तोच स्वतःचे पहिले घर घ्यावयास निघाला म्हणजे बँकेच्या दारी त्याची पत उणी पडते. पगाराचे पत्रक त्याजपाशी नसते, आणि आयकराच्या विवरणपत्रातील उत्पन्न मागितलेल्या कर्जास पुरेसे ठरत नाही. काही सभासद तर व्याजाचे ओझे नको म्हणून कर्जाच्या वाटेसच जात नाहीत. असे कुटुंब स्वतःची शिल्लक, भावांची मदत, आणि विकणाऱ्याने दिलेली मुदत यांच्या बळावर घर घेते. अशा ग्राहकाने दलालाचे साहाय्य कसे घ्यावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

आमच्या टी. टी. नगरात हा प्रश्न अधिक नाजूक आहे. दि. 1 नोव्हेंबर 1956 रोजी भोपाळ राजधानी झाल्यावर तात्या टोपे यांच्या नावाचा हा भाग मुख्यतः सरकारी निवासस्थानांचा म्हणून वाढला. पुढे स्मार्ट सिटी योजनेत त्यातील पुष्कळ जुनी निवासस्थाने पाडण्यात आली. सरकारी जमीन, पट्ट्याची जमीन आणि खाजगी मालकीची जमीन येथे शेजारी शेजारी नांदतात. न्यू मार्केट किंवा जवाहर चौकाच्या आसपास कोणी स्वस्तात जागा दाखविली, तर प्रथम भावाची नव्हे, मालकीच्या प्रकाराची चौकशी करावी. पट्टा असेल तर त्याची मुदत किती उरली व हस्तांतरास कोणाची परवानगी लागते, हे लेखी पाहावे.

दलालाची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्याची दलाली सौदा पूर्ण झाल्यावरच पदरात पडते. म्हणून ज्याच्या हाती बँकेचे मंजुरीपत्र आहे असा ग्राहक त्यास खात्रीचा वाटतो. आपण प्रारंभीच स्पष्ट सांगावे की, इतकी रक्कम आज खात्यात आहे, इतकी अमुक महिन्यात येईल, आणि उरलेल्यास इतकी मुदत हवी. खात्याचा उतारा दाखविण्यास संकोच करू नये. असे सांगितले म्हणजे दलाल निरर्थक घरे दाखवीत हिंडत नाही. ज्यास एकदम सर्व पैसा नको आहे असा विकणारा तो शोधतो. दलाली किती, ती केव्हा द्यावयाची, आणि तो दुसऱ्या बाजूकडूनही घेणार आहे काय, हे आरंभीच कागदावर यावे. दलालाने आपल्याला न कळविता स्वतःचीच मालमत्ता आपल्या गळ्यात घातली, तर 1872 च्या करार कायद्यात आपल्याला दाद आहे.

नव्या प्रकल्पातील सदनिका बिल्डरकडून घ्यावयाची असेल तर 2016 च्या रेरा कायद्याप्रमाणे दलालाची नोंदणी आवश्यक आहे. त्याचा नोंदणी क्रमांक मागावा व मध्य प्रदेश रेराच्या यादीशी ताडून पाहावा. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या शेकडा 10 हून अधिक रक्कम घेता येत नाही. जुन्या घराच्या खाजगी विक्रीस मात्र हे छत्र नाही; तेथे आपली दक्षता हीच खरी.

आणि येथेच कर्ज न घेणाऱ्याचे मोठे नुकसान संभवते. बँक कर्ज देते तेव्हा तिचा वकील मालकीची साखळी तपासतो, आणि तिचा मूल्यमापक घर पाहतो. ते सर्व ती स्वतःच्या पैशासाठी करते, परंतु रक्षण आपलेही होते. बँक नाही म्हणजे ही चाळणीही नाही. यास्तव दलालाने सुचविलेला नव्हे, आपण स्वतः निवडलेला वकील नेमावा, आणि मागील तीस वर्षांचे दस्त, बोजा व नामांतरण त्याच्याकडून पाहून घ्यावे. त्याची फी घराच्या किमतीपुढे क्षुल्लक असते. केवळ मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे. तरी असे कागद आजही ‘यात काही अडचण नाही’ म्हणून पुढे केले जातात!

विकणारा हप्ते देण्यास तयार झाला तर साठेखत नोंदवूनच घ्यावे. नोंदणी नसलेल्या साठेखतावर ताबा घेतला, तर 2001 पासून त्या ताब्यास पूर्वीचे संरक्षण उरलेले नाही. खुद्द साठेखतानेही मालकी येत नाही, ती खरेदीखतानेच येते. म्हणून हप्त्यांच्या तारखा, हप्ता चुकल्यास काय, आणि सौदा मोडल्यास दिलेली रक्कम किती दिवसांत परत, हे त्यात नमूद असावे. खरेदीखत आधी करून उरलेल्या रकमेसाठी तेच घर विकणाऱ्याकडे गहाण ठेवण्याचाही मार्ग आहे, आणि आमच्या मते घेणाऱ्यास तो अधिक सुरक्षित.

रोख पैशाविषयी आमच्या बंधूंना स्पष्ट बोलणे भाग आहे. घराच्या व्यवहारात 20,000 रुपये वा अधिक विसार रोखीने घेण्यास कायद्याची मनाई आहे. भावाकडून घेतलेली उसनवारीही त्याच नियमात येते. भावाने बक्षीस दिल्यास त्यावर आयकर नाही, मात्र रक्कम खात्यातून यावी व बक्षिसाचा लेख असावा. घराची किंमत 50 लक्ष वा अधिक असेल तर घेणाऱ्यानेच शेकडा 1 कर कापून भरावयाचा असतो. कर्जाविना घेणाऱ्यास याची आठवण करून देणारे कोणी नसते. ‘अर्धे कागदावर, अर्धे हातावर’ असा सल्ला देणारा दलाल भेटल्यास हिशेब सोपा आहे: सौदा मोडला तर न्यायालयात मागता येईल ते कागदावरचे अर्धेच.

दलालीचा शेवटचा भाग खरेदीखताच्या नोंदणीनंतर, मूळ दस्त हाती आल्यावर द्यावा. नामांतरणाचा अर्ज, मालमत्ता कराचे खाते आणि विजेचे मीटर आपल्या नावे होईपर्यंत चांगला दलाल पाठपुरावा करतो. हे कामही आरंभीच्या कागदात लिहून घेतलेले असावे.